साहित्यिकाचे कर्तव्य : कऱ्हाडचे एक भाषण

ऋतूंची, वृक्षवेलींची आणि पाखरांची वर्णने करणाऱ्या लेखकाचा राज्यकारभाराशी संबंध तो काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर दुर्गाबाई भागवत या विदुषीने आपल्या आचरणानेच देऊन ठेवले आहे.

दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’ हे पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांत सृष्टी कसकशी पालटते, हे त्यांनी त्यात मोठ्या बारकाईने टिपले आहे. अशा लेखनाचा पहिला नियम हा की, डोळ्यांना जे दिसले तेच लिहावे. करपलेल्या पानाला हिरवे म्हणू नये.

जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी पुकारण्यात आली. वृत्तपत्रांवर निर्बंध आले, अनेक पुढारी तुरुंगात गेले. त्याच वर्षी कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. अशा सभेत गोड बोलून वेळ मारून नेणे सोपे होते. परंतु दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांचा उघड निषेध केला आणि बंदिवासातून नुकतेच सुटलेल्या, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी श्रोत्यांना प्रार्थना करावयास सांगितले. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

गोमंतकीयांना ही कथा परकी वाटू नये. सालाझारच्या राजवटीत येथे छापावयाचा मजकूर आधी सरकारी तपासणीसाठी धाडावा लागे. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही त्यातून सुटत नसत. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली, ती नागरी स्वातंत्र्यासाठीच.

मग लेखकाची सामाजिक जबाबदारी म्हणजे उपदेश करणे काय? मुळीच नव्हे. डिचोली तालुक्यातील खाणींची लाल माती पावसाच्या पाण्याबरोबर ओहोळांत व शेतांत उतरली, हे आपणांस ठाऊक आहे. तेथील नदीचे वर्णन करताना काठच्या माडांचे सौंदर्य तेवढे रंगवावे आणि गाळाने बुजलेले शेत गाळावे, तर ते वर्णन अपुरे राहते आणि शेतकऱ्याचे दुःख कोणाच्याच कानी पडत नाही. दोन्ही लिहिणे, हेच लेखकाचे कर्तव्य होय.

विद्यार्थिमित्रांनो, निबंधाच्या वहीत पावसाळ्याचे वर्णन कराल तेव्हा पाठ केलेली वाक्ये बाजूस ठेवा. आपल्या गावचा ओहोळ स्वतः पाहून या आणि जसा दिसला तसा लिहा. खरे बोलण्याचे धैर्य अशाच लहान सवयींतून अंगी येते.