टॅको, साल्सा आणि वाईन: ऑर्डर द्यायची कशी?

इअरफोन लावलेत ना? चला मग.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. चिकलठाणा एमआयडीसीत नवीन नोकरी, पहिला पगार, आणि चौघं मित्र मेक्सिकन खायला निघालेत. सगळे २३-२४ वर्षांचे. तो विचारतो, "मार्गारिटा घ्यावी की वाईन? वाईनची नावं वाचूनच घाम फुटतो."

पहिला प्रश्न तर कायद्यानेच सोडवलाय. महाराष्ट्रात वाईन आणि माइल्ड बीअरसाठी वयाची अट २१ आहे, पण कडक दारूसाठी २५. मार्गारिटात टकिला असते, म्हणजे २३ व्या वर्षी ती बाद! राहिली वाईन.

निघायच्या आधी एक फोन करा: "तुमच्याकडे वाईन मिळते का?" बऱ्याच साध्या कॅफेंकडे आणि फूड कोर्टातल्या काउंटरकडे दारूचा परवानाच नसतो. आणि परवाना नसेल तर आपली बाटली पिशवीत घालून नेणंही चालत नाही. २ ऑक्टोबरसारखा ड्राय डे तर नाही ना, तेही बघून घ्या.

आता मेनू. टेन्शन घेऊ नका, कारण मेक्सिकोत तरी टॅकोसोबत वाईन कुठे ठरलेली आहे? तिथे वाईन जुनी आहे, कासा मादेरो ही वायनरी १५९७ पासूनची. तरी रस्त्यावरच्या टॅकोबरोबर लोक बहुतेक बीअर नाहीतर फळांचं सरबतच घेतात. म्हणजे "बरोबर वाईन" असा काही नियम नाही. आपल्या जिभेला काय झेपतं, एवढंच बघायचं.

आणि आपल्या जिभेला ही मिरची ओळखीची आहे. मिरची मूळची त्याच भागातली, पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. ठेचा झोंबला की आपण काय करतो? गार ताक पितो, गुळाचा खडा तोंडात टाकतो. कडक कोरा चहा कुणी पीत नाही! वाईनचंही तेच गणित. गार आणि किंचित गोड वाईन तिखटाला शांत करते. अल्कोहोल जास्त असेल तर आग वाढते. आणि रेड वाईनमधला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखा जीभ कोरडी करतो.

तर सरळ यादी लिहून घ्या. साल्सा, हालापेन्यो, तिखट चिकन असेल तर शेनिन ब्लाँ. ग्वाकामोले, कोथिंबीर, लिंबू पिळलेला फिश टॅको असेल तर सॉविन्यॉन ब्लाँ, तिला स्वतःलाच हिरवट, आंबट वास असतो. राजमा, चीज, बरिटो असं सगळं एकत्र आलं की रोझे. शिराजसारखी रेड फक्त भाजलेल्या मटणासोबत, तेही तिखट कमी असेल तेव्हाच.

यातली बहुतेक नावं नाशिकच्या बाटल्यांवर सापडतील. सुलाने २००० साली पहिल्या वाईन आणल्या त्या याच दोन होत्या, सॉविन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. तेव्हा परदेशी लेबलसाठी जास्त पैसे मोजलेच पाहिजेत असं काही नाही.

ग्लास की बाटली? बाटली ७५० मिलीची, ग्लास साधारण १५० मिलीचा, म्हणजे एका बाटलीत पाच ग्लास. तिघं पिणारे असतील तर दोन्हीचा हिशोब मांडून बघा. ग्लास घेणार असाल तर बिनधास्त विचारा, "दादा, ही बाटली कधी उघडली?" उघडलेली वाईन दोन-तीन दिवसांत उतरायला लागते. काल-आजची असेल तर ठीक, नाहीतर नवीन उघडायला सांगा.

बाटली मागवली की वेटर आधी थोडीशीच ओततो. ती "आवडली का?" म्हणून नसते, खराब तर नाही ना हे बघायला असते. वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा आला तर परत करा, त्यात लाजायचं काय?

व्हाइट आणि रोझे ८ ते १० अंशांवर छान लागतात. रेड "रूम टेम्परेचरला" असं म्हणतात, पण ते युरोपातल्या खोलीचं, साधारण १६ ते १८ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो! रेडची बाटलीसुद्धा पंधरा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. "वाईनच तर आहे" असं म्हणू नका. १३ टक्क्यांच्या १५० मिली ग्लासमध्ये साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण साडेपंचवीस. फरक आहे, पण फार नाही. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. पहिल्या वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जालना रोडवर रात्री ट्रक कसे धावतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून चौघांतला एक जण लिंबू सोडा पिणार हे आधीच ठरवा, नाहीतर रिक्षा किंवा कॅब. आणि ज्याला प्यायचीच नाही त्याला आग्रह नको, पार्टी त्याचीही आहे.

पहिला पगार आहे, मजा करा. कुठली वाईन जमली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!