सांथीच्या सालचें मतदान

रोगाची सांथ आली म्हणजे माणूस माणसापासून दूर पळतो. निवडणूक आली म्हणजे तोच माणूस माणसाच्या दाराशीं जातो. हीं दोन एकाच वेळीं एका गांवांत आलीं तर कोणाचा जोर अधिक, असें कोणीं मला २०२० च्या चैत्रांत विचारलें असतें, तर 'सांथीचा' असें उत्तर मीं क्षणाचाहि विलंब न लावतां दिलें असतें. आमच्या नगर जिल्ह्यानें (२०२४ पासून याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) माझें हें उत्तर खोटें ठरविलें. तें कसें, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

त्या चैत्रांतलें चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढें अद्याप असेल. आमच्या गांवाच्या वेशीवर तरुण पोरांनीं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. पुण्यामुंबईहून परतलेल्या स्वतःच्या भाऊबंदांना गांवांत थारा नव्हता. शाळेच्या ज्या खोल्यांत मीं मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्याच खोल्यांत त्यांना चौदा दिवस ठेवण्यांत आलें. त्यांचीं जेवणाचीं ताटें दारांत ठेवून लोक मागच्या पावलीं परतत. रोग म्हणजे शहराचा, आणि शहर म्हणजे रोगाचें घर, असा एक पक्का समज सर्वांच्या मनांत बसला होता.

या भीतीचा पहिला घाव बसला तो मतदारावर नव्हे, मतदानावरच. ३१ मार्च २०२० रोजीं राज्यांतील सुमारें दीड हजार ग्रामपंचायतींचें मतदान व्हावयाचें होतें. तें आयोगानें दोन आठवडे आधीं थांबविलें. पुढें ज्यांची मुदत संपत गेली त्या पंचायतींचीहि तीच गत झाली. मग त्या चालवावयाच्या कोणीं? जुलै २०२० मध्यें सरकारनें पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानें खाजगी व्यक्तींनाहि प्रशासक नेमण्याची वाट मोकळी केली, तेव्हां राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनीं तिला उघड विरोध केला, आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत जाऊन शक्य तों सरकारी नोकरच नेमावा असें ठरलें. सांथीमुळें मत देण्यास जातां न येणें वेगळें, आणि सांथीचें निमित्त होऊन मत देण्याचा प्रसंगच न येणें वेगळें. दुसरा प्रकार अधिक काळजीचा आहे असें मला वाटतें. एकदां हातीं आलेली प्रशासकी सहजासहजीं सुटत नाहीं. आमची जिल्हा परिषद २०२२ च्या मार्चपासून वर्षानुवर्षें प्रशासकाच्या स्वाधीन राहिली. कारण तेव्हां आरक्षणाच्या वादाचें होतें, रोगाचें नव्हे.

असो. अखेर १५ जानेवारी २०२१ हा दिवस ठरला. राज्यांतील १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागला होता, त्यांत ७६७ एकट्या नगर जिल्ह्याच्या. आदल्या दिवशीं संक्रांत होती. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे १६ तारखेला, देशांत लस टोंचण्यास आरंभ व्हावयाचा होता. म्हणजे हें सारें मतदान लस न टोंचलेल्या माणसांनीं केलें. तरीहि आंकडा किती? ज्या बारा हजारांहून अधिक गांवांत प्रत्यक्ष मतदान झालें, तेथें सरासरी ७९ टक्के!

आणि बाभळीच्या त्या फांद्या? ज्या पोरांनीं त्या टाकल्या होत्या, तींच पोरें आतां आपापल्या पॅनेलच्या जीपगाड्या घेऊन पुण्याला आणि मुंबईला गेलीं, आणि नऊ महिन्यांपूर्वीं ज्यांना वेशीवर अडविलें होतें त्यांनाच आदरानें गाडींत बसवून घेऊन आलीं. रोग तोच, शहर तेंच, माणसेंहि तींच. या विरोधाचें कोणाला नवल वाटलेलें मला तरी दिसलें नाहीं.

आमच्या घरांत मात्र वाद झाला. मातोश्रींचें वय तेव्हां पंचाऐंशी. चिरंजीवांचा पुण्याहून रोज फोन येई, "बाबा, आजीला मुळींच नेऊं नका. एका मतानं काय अडणार आहे?" सूनबाईंचेंहि तेंच मत. मीहि मनांतून त्यांच्याच बाजूचा होतों. मातोश्रींनीं शांतपणें वाती वळतां वळतां विचारलें, "मत घरांत बसून पडतं होय रे?" १९५७ पासून त्यांनीं एकहि मत चुकविलेलें नाहीं. पण खरें कारण त्यांनीं नंतर माझ्याजवळ एकटीनें सांगितलें. "मी गेलें नाहीं, तर थोरल्या वाड्यांतले म्हणतील, काकूनं आमच्यासाठीं पाय उचलला नाहीं. रोग काय, येईल आणि जाईल. हें बोलणं जन्मभर पुरतं."

गांवच्या मतदानाचें सारें मर्म या दोन वाक्यांत आलें आहे असें मी समजतों. येथें हार-जीत दहा-वीस मतांवर ठरते. कोण आला नाहीं हें सायंकाळपर्यंत गांवाला ठाऊक होतें. रोगाची भीति अदृश्याची असते, भावकीची भीति समोर उभी असते. एरवीं बिनविरोधाची कीर्ति असलेल्या गांवांतहि त्या वर्षीं चुरस झाली. राळेगणसिद्धींत मतदान झालें; हिवरेबाजारांत तर तीस वर्षांनंतर प्रथमच मतपेटीची पाळी आली, व पोपटराव पवार यांच्या पॅनेलनें सातहि जागा जिंकल्या.

मतदानाच्या दिवशीं आम्ही मातोश्रींना घेऊन गेलों. शाळेच्या पटांगणांत सहा-सहा फुटांवर चुन्यानें वर्तुळें आंखलेलीं होतीं. त्यांत कोणीहि उभें नव्हतें. मुखपट्ट्या होत्या, पण बहुतेकांच्या हनुवटीवर. ज्यांना रोग झाला आहे त्यांनीं शेवटच्या अर्ध्या तासांत यावें असा नियम होता. तो अर्धा तास आमच्या केंद्रावर अगदीं मोकळा गेला. एकहि मनुष्य आला नाहीं. कारण ज्याच्या घरीं ताप होता, आणि तो कसला आहे हें सर्व गांव जाणत होतें, तो गृहस्थ सकाळींच रांगेंत येऊन मत देऊन गेला होता. तो आमच्या मातोश्रींच्या पुढें तिसरा होता. मीं त्याला पाहिलें, आणि मी कांहीं बोललों नाहीं. तो आमच्याच पॅनेलचा होता. छत्तीस वर्षें मुलांना सत्य बोलण्याचा पाठ दिला, त्या शाळेच्या पटांगणांत माझी जीभ उचलली नाहीं. पुढचे पंधरा दिवस मातोश्रींच्या कपाळाला मी दिवसांतून चार वेळां हात लावून पाहत होतों, तें कशासाठीं हें घरांत कोणाला ठाऊक नव्हतें. सुदैवानें त्यांना कांहीं झालें नाहीं.

आतां या ७९ टक्क्यांवरून सांथीनें मतदान वाढतें असा अर्थ कोणी काढील तर तो फसेल. जानेवारींत पहिली लाट ओसरली होती, दुसरी यावयाची होती. तो मधला काळ होता. फ्रान्सांत १५ मार्च २०२० रोजीं, रोग नुकताच भडकत असतांना, नगरपालिकांचें मतदान घेतलें गेलें. २०१४ सालीं जें प्रमाण ६३ टक्क्यांवर होतें तें ४५ च्याहि खालीं आलें. उलट दक्षिण कोरियांत त्याच एप्रिलमध्यें ६६ टक्क्यांवर मतदान झालें, १९९२ नंतर तेथें इतकें कधीं झालें नव्हतें. तेथें प्रत्येकाचा ताप पाहत, हातमोजे देत, आणि विलगीकरणांतील माणसांना सर्वांच्या मागून वेगळें आणून मत देऊं देत. आणि तीं खरोखरच येत. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझांत अमेरिकेंतील मतदान सुमारें चाळीस टक्क्यांवर उतरलें होतें. तेथें युद्धहि चालू होतें, म्हणून सारा दोष रोगाला देतां येत नाहीं. एकूण पाहतां रोग किती भयंकर यापेक्षां लोक व्यवस्थेवर किती विश्वास ठेवतात, आणि मत आपल्या किती जवळचें मानतात, यावर हें अवलंबून दिसतें. कोरियाचा मतदार विश्वासानें आला. आमचा आला तो भिडेनें. आंकड्यांत हा फरक दिसत नाहीं.

भिडेनें आलेल्या गर्दीची किंमत दुसरे भरतात. एप्रिल २०२१ मध्यें, दुसरी लाट ऐन भरांत असतां, उत्तर प्रदेशांत पंचायतींचें मतदान झालें. त्या कामावर गेलेले १,६२१ शिक्षक व कर्मचारी दगावले, अशी यादी तेथील प्राथमिक शिक्षकांच्या संघानें दिली. सरकारनें प्रथम तिघांचेच मृत्यु मान्य केले, आणि ओरड झाल्यावर नियम बदलला. माझा पुतण्या प्राथमिक शिक्षक. जानेवारींत त्यालाहि परगांवच्या केंद्रावर नेमलें होतें. परत आल्यावर तो सात दिवस माडीवर एकटा निजला, आणि त्याची लहान मुलगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्याच्याशीं बोलत असे. त्या महिन्यांत त्याचें निभावलें, एवढेंच.

हिवरेबाजारची पुढची गोष्टहि सांगितली पाहिजे. दुसऱ्या लाटेंत तेथें चाळीसहून अधिक माणसें आजारी पडलीं. स्वयंसेवकांनीं घरोघर जाऊन तपासणी केली, बाधितांना वेगळें ठेवलें, आणि मे २०२१ च्या मध्यापर्यंत गांव रोगमुक्त झालें. जी माणसें घरोघर मत मागत फिरूं शकतात, तीं घरोघर ताप पाहतहि फिरूं शकतात. आमच्या गांवांत पॅनेलच्या जीपगाड्या फेब्रुवारींत कोठें गेल्या, कोण जाणे.

त्याच एप्रिलांत आमचे थोरले चुलतबंधु गेले. जानेवारीच्या गर्दीचा त्याच्याशीं संबंध जोडतां येत नाहीं. तीन महिने मध्यें गेले होते. ज्या थोरल्या वाड्यासाठीं मातोश्रींनीं पाय उचलला होता, तो त्यांचाच. १३ मे २०२४ रोजीं लोकसभेचें मतदान झालें. पंचाऐंशीच्या वरच्यांना घरीं मत देण्याची सोय तेव्हां झाली होती. मातोश्रींनीं ती नाकारली आणि पूर्वींप्रमाणेंच शाळेंत आल्या. टेबलाशीं बसलेल्या मुलानें यादींत माझें नांव शोधतांना त्याच्या वरचें नांव चुकून मोठ्यानें वाचलें. तें बंधूंचें होतें, तीन वर्षांत कोणीं वगळलें नव्हतें. "हे आले आहेत का?" त्यानें विचारलें. मातोश्री म्हणाल्या, "नाहीं रे बाळा. त्याचं नांव काढून टाक."