हातातील रक्ताच्या आडवाटा

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काय अथवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था काय, विच्छेदनगृहात उभ्या राहिलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास पुस्तकातील आकृती मुखोद्गत असते: काखेतील धमनी दंडात उतरते, कोपराच्या खळग्यात तिला अंगठ्याकडील व करंगळीकडील असे दोन फाटे फुटतात, आणि तळहातात ते कमानीच्या रूपाने पुन्हा एकमेकांस मिळतात. परंतु दंडाची त्वचा बाजूस सारून, चिमट्याने मेदाचे पापुद्रे सोडवीत तो खाली उतरला की, एखाद्या हातात एका धमनीच्या जागी दोन समांतर धमन्या त्याच्या दृष्टीस पडतात. कारण अंगठ्याकडील फाटा वर दंडातच, किंवा थेट काखेतही, फुटलेला असतो. हा प्रकार दुर्मिळ मुळीच नव्हे; १९५३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ७५० हातांच्या अभ्यासात तो शेकडा सुमारे १४ हातांत आढळला होता.

गर्भावस्थेत हाताच्या अंकुरात सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे असते. त्यांतील काही वाहिन्या पुढे थोर होतात व बाकीच्या लोप पावतात, आणि ही निवड नेहमीपेक्षा वेगळी झाली म्हणजे रक्ताची वाटही निराळी ठरते. अशा हाताचा धनी बहुधा आयुष्यभर अनभिज्ञ व सुखरूप राहतो. प्रश्न उद्भवतो तो सुई, नळी किंवा शस्त्र हाताला लागते तेव्हा. करंगळीकडील धमनी स्नायूंखालून न जाता क्वचित त्वचेलगत धावते, आणि तिलाच शीर समजून औषध टोचले गेले तर बोटे सडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून रबरी पट्टा आवळण्यापूर्वीच त्या जागी बोट ठेवून ठोका लागतो काय, हे पाहण्याची सावधगिरी अगत्याची असते.

हृदयाची अँजिओग्राफी मनगटातून करण्याचा मार्ग माँट्रियलच्या लुसियाँ काम्पो यांनी १९८९ साली दाखविला, तेव्हापासून या भेदांचे महत्त्व वाढले. उंचावर फुटलेली धमनी पुष्कळदा अरुंद असते, नळी तीत अडखळते आणि धमनी आखडते. डायलिसिससाठी मनगटाशी धमनी व शीर जोडतानाही हे भेद ध्यानात घ्यावे लागतात.

हे ज्ञान देहदात्यांच्या औदार्यावर, तसेच १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यान्वये मिळणाऱ्या बेवारस प्रेतांवर उभे आहे. सामान्य माणसाने त्यातून एवढेच घ्यावे की, तपासणीच्या अहवालात आपल्या धमनीविषयी काही वेगळी नोंद आढळल्यास तो कागद दप्तरी जपावा आणि पुढील डॉक्टरांस आपण होऊन दाखवावा.