तिसा म्हणजे तीस नव्हे

मोडी वाचता यायला लागली की माणसाला वाटतं, जिंकलं. मग कळतं, अक्षरं लागली पण अर्थ लागत नाही. ‘मशारनिल्हे’, ‘दरोबस्त’, ‘बितपशील’. कोल्हापुरातल्या आमच्या मोडीच्या वर्गात हे दुखणं सगळ्यांचंच. ओळखीचे शब्द तर जास्त फसवतात. ‘मौजे मजकूर’ म्हणजे गावाबद्दल लिहिलेलं काही नव्हे. वर सांगितलेलं तेच गाव.

अशा फारसी वळणाच्या शब्दांसाठी कोश आहेत की. माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश १९२५चा. पुढे ते इथल्याच राजाराम कॉलेजात शिकवत. पण कोशात पाहिलेला शब्द माझ्याकडे कोश मिटेपर्यंतच टिकायचा.

सरांनी चिठ्ठ्या करायला लावल्या. जुन्या लग्नपत्रिका कापून एका बाजूला शब्द, मागं अर्थ. मिठाईच्या खोक्यात चार कप्पे: पहिला रोजचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा महिन्यानं. आठवलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर कुठूनही थेट पहिल्यात. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२च्या पुस्तकात अशीच पेटी सांगितली होती. वर्ग सुरू होताना दहा मिनिटं आम्ही एकमेकांना विचारतो. उत्तर येत नसेल तरी लगेच मागं बघायचं नाही, थोडं झटायचं. तेवढा वेळ फार लाजिरवाणा जातो.

खरी परीक्षा सालांची. जुन्या कागदांवर सुहूर सन अरबी संख्याशब्दांत, तोही एककापासून उलटा लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे साल मृगाला सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत याच सालातल्या जानेवारीतलं, म्हणजे १७६१.

मी हे अंक आधी लहानपणच्या परवच्यासारखे पाठ केले: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा... घडाघडा यायचे. पण कुणी नुसतं ‘सबा?’ विचारलं की मला इहिदेपासून बोटं मोजत सातापर्यंत यावं लागे. कागदावर ‘सबा’ एकटाच भेटतो, मागचे सहा सोबत आणत नाही. चिठ्ठ्या पिसल्या तेव्हा माझं पाठांतर उघडं पडलं. परवच्याला मी नावं ठेवत नाही, पण तो रोज सगळंच म्हणून घेतो, येणारंही आणि न येणारंही. खोका फक्त अडलेलं रोज विचारतो.

‘समान’ म्हणजे आठ, हे मराठी कानाला पटायला महिना गेला. आणि तिसा! ‘तिसा सबैन मया व अलफ’ ही तारीख मी सत्तर अधिक तीस करून १२०० लावली. शेजारचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, “काका, तिसा म्हणजे तीस न्हवं, नऊ!” साल ११७९ होतं. कागद मी एकवीस वर्षं पुढं ढकलला होता. तीसला ‘सलासीन’ म्हणतात. या दोन चिठ्ठ्या सुरुवातीला एकाच दिवशी घेऊ नयेत, दोन्ही बिघडतात.

गेल्या महिन्यात तिसा चौथ्या कप्प्यापर्यंत गेली, आणि परवा परत पहिल्यात आली. तुमच्याकडं जुन्या लग्नपत्रिका असतील तर टाकू नका. जाड असतात, कोपरे मुडपत नाहीत.