पांढुर्ण्याची गोटमार

श्रावण अमावास्येस पोळा येतो. वर्षभर राबणाऱ्या बैलास न्हाऊं घालून, त्याचीं शिंगें रंगवून पुरणपोळीचा घांस भरविण्याचा हा दिवस. आमच्या हिंगोलीकडे त्याचा दुसरा दिवस स्वस्थतेंत जातो. पांढुर्ण्यास मात्र त्या दिवशीं माणसांचीं डोकीं फुटतात.

पांढुर्णा मध्य प्रदेशांत असलें तरी तेथें घरोघरीं मराठी बोलली जाते. २०२३ सालीं छिंदवाड्यापासून निराळें होऊन तें जिल्ह्याचें ठाणें झालें. हें गांव व पलीकडील सावरगांव यांच्यामधून जाम नदी वाहते. पात्रांत पळसाचें झाड रोवून त्यास झेंडा बांधतात आणि दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. जो पक्ष झेंडा काढून नेईल तो विजयी. पुढें तो झेंडा चंडीमातेस अर्पण करितात. पांढुर्ण्याच्या तरुणानें सावरगांवची कन्या पळवून नेली, तींतून हें युद्ध पेटलें, अशी दंतकथा आहे. प्रतिवर्षीं शेंकडों लोक जखमी होतात. कित्येक प्राणांसहि मुकले आहेत.

असा खेळ इंग्लंडांतहि आहे. डर्बीशायरमधील अ‍ॅशबोर्न गांवीं ईस्टरपूर्वीच्या उपवासकालाच्या आरंभीं, ओढ्याच्या अलीकडचे व पलीकडचे असे दोन पक्ष होऊन, सारें गांव एका चेंडूसाठीं दोन दिवस झुंजतें. दोन गोलांमध्यें तीन मैलांचें अंतर. दुकानदार आधींच फळ्या ठोकून ठेवितात. तेथेंहि धक्काबुक्की होते, हाडें मोडतात. परंतु मनुष्यवध करूं नये, चेंडू मोटारींतून नेऊं नये, स्मशानभूमींत शिरूं नये, असे निर्बंध आहेत. एकोणिसाव्या शतकांत तक्रारी वाढल्या तेव्हां खेळाचा आरंभ बाजारांतून मैदानाकडे नेला, आणि खेळ जगला. जवळच्याच डर्बी शहरांतील तसाच खेळ १८४६ सालीं अधिकाऱ्यांनीं बंद पाडला. तो कायमचा गेला.

पांढुर्ण्यांतहि सरकारी अधिकाऱ्यांनीं दगडांऐवजीं रबरी चेंडू देऊन पाहिले. जमावानें ते बाजूस सारून दगडच उचलले. शास्त्राहून रूढि बलवत्तर, हें खरें. पण रूढि म्हणजे नेमकें काय? नदी, पळस, झेंडा, दोन गांवांची चुरस आणि शेवटीं देवीपुढें एकत्र नमणें, हें तिचें सार. नांवांतच गोटा आहे, असें कोणी म्हणेल. पण नांव राखण्यासाठीं कोणाचा मुलगा गमवावा, असें कोणती देवी म्हणेल? हुकुमानें जें झालें नाहीं तें दोन्ही तीरांवरील वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून ठरविल्यास होईल. दगड खालीं ठेवल्यानें झेंड्याचा मान उणा होणार नाहीं.