बुलिटची हिरवी मोटार

चित्रपटांत गाजलेल्या जुन्या वेगवान मोटारींना लिलावात मिळणारे भाव वाचले की आमच्यासारख्या माणसाला घेरीच येते. परंतु त्यांतील एका मोटारीची हकिकत आम्हांला तिच्या किमतीसाठी नव्हे, तर तिने केलेल्या संसारासाठी आवडते.

'बुलिट' हा चित्रपट १९६८ सालचा, दिग्दर्शक पीटर येट्स. सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या चढउतारांवर गडद हिरव्या फोर्ड मस्टँगमधून स्टीव्ह मॅक्वीन काळ्या डॉज चार्जरचा पाठलाग करतो. सुमारे अकरा मिनिटांच्या या दृश्यात प्रत्यक्ष पाठलाग सुरू झाला की पार्श्वसंगीत थांबते, आणि ऐकू येते ती इंजिनांची गर्जना आणि टायरांचा चीत्कार. (आपल्याकडे या जागी निदान शंभर व्हायोलिने तरी वाजली असती!)

चित्रीकरणासाठी एकसारख्या दोन मस्टँग घेतल्या होत्या. उड्या मारून खिळखिळी झालेली मोटार २०१७ साली मेक्सिकोत भंगारात सापडली. दुसरी, जिच्यात मॅक्वीन बसे, ती १९७४ साली न्यू जर्सीच्या एका गृहस्थांनी मासिकातील जाहिरात पाहून सहा हजार डॉलरांना विकत घेतली. त्यांच्या पत्नी शिक्षिका होत्या. त्या तीच मोटार घेऊन शाळेत जात. १९७७ साली खुद्द मॅक्वीनचे पत्र आले: मोटार मला परत द्या, बदली दुसरी मस्टँग शोधून देतो, मात्र पैसा फार लागणार असेल तर विषय सोडून देऊ. एवढ्या बड्या नटाची ही काटकसर वाचून आम्हांला हसू आले. त्या कुटुंबाने मोटार दिली नाही.

१९८० साली क्लच निकामी झाला आणि मोटार जागीच उभी राहिली. त्याच वर्षी मॅक्वीन वारला. गृहस्थांच्या मनात दुरुस्तीचे होते. पुढे मुलाला हाताशी धरून त्यांनी सुरुवातही केली, पण कंपवाताने गाठले आणि २०१४ साली ते गेले. उरलेले काम मुलाने पूर्ण केले. इंजिन चालते केले, पण विटलेला रंग, गंज आणि कॅमेऱ्यांसाठी खाली जोडलेले आधार यांना हात लावला नाही. आमच्या मते हाच खरा शहाणपणा. २०१८ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. दोन वर्षांनी फ्लोरिडातील लिलावात तिला चौतीस लाख डॉलरांची बोली लागली. मंचावर ती आली तेव्हाही तिच्या अंगावर तोच विटका हिरवा रंग होता.