घरातील रियाजाची खोली

ज्या घरात गाणे आहे, त्या घरात दोन तक्रारी हटकून कानी पडतात. पहिली गाणाऱ्याची. खोली घुमते, आणि ध्वनिमुद्रण करावे तर आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. दुसरी शेजाऱ्याची. पहाटेचा तंबोरा आणि रात्रीचा तबला जणू आपल्या उशाशीच वाजतो आहे, असे त्याचे म्हणणे असते. या दोन्ही तक्रारींवर औषध एकच, अशी पुष्कळांची समजूत आहे. बाजारातून स्पंजाचे उंचसखल तुकडे आणावेत, ते भिंतींना चिकटवावेत, म्हणजे घुमणे थांबेल आणि आवाजही बाहेर जाणार नाही! वस्तुतः हे दोन निरनिराळे विकार आहेत. आवाज खोलीत किती वेळ रेंगाळतो हा एक प्रश्न, आणि तो भिंतीपलीकडे किती जातो हा दुसरा. पहिल्यावर उपाय मऊ व सच्छिद्र वस्तूंचा, तर दुसऱ्यावर वजनाचा आणि फटी बुजविण्याचा. हा भेद एकदा मनात ठसला की पुष्कळसा पैसा वाचतो, आणि त्याहून अधिक मनस्ताप वाचतो.

घुमण्याची तक्रार रायपुरात अलीकडे वाढली, यात नवल नाही. छत्तीसगडातील जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, जमीन शेणाने सारवलेली आणि छप्पर कवेलूंचे. ध्वनीला परत फिरवील असे कठीण, गुळगुळीत अंग त्या घरांना थोडेच असे. २००० साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले आणि शहर भराभर वाढले. आता डोक्यावर सिमेंटचा स्लॅब, पायाखाली चकचकीत फरशी, चहूकडे गिलावा आणि खिडकीला काच. अशा खोलीत उच्चारलेला स्वर एका भिंतीवरून दुसरीवर आपटत राहतो. कठीण पृष्ठभागांचे हे सामर्थ्य विजापूरच्या गोलघुमटात आपण कौतुकाने अनुभवतो. पण तेथे नांदणारे कौतुक मालकंसाच्या आलापीला उपकारक नाही. आपल्या जुन्या बैठकीत गादी, लोड, तक्के, सतरंजी आणि मांडीला मांडी लावून बसलेले श्रोते असत. ही सारी ध्वनी शोषून घेणारी सामग्रीच होती. ती ऐटीसाठी मांडली जाई, परंतु कानाचे कामही बिनबोभाट करून जाई.

या शोषणाचे गणित अमेरिकेतील वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने घालून दिले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे, आणि त्यामुळे पुढचा शब्द मागच्यात बुडून जाई. सॅबिनने रात्री जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या तेथे वाहून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडल्या आणि प्रत्येक वेळी नाद किती वेळात विरतो हे मोजले. त्यातून एक साधा नियम निघाला. खोलीच्या घनमीटरांना ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे, म्हणजे नाद विरण्यास लागणारे सेकंद मिळतात. शोषणाचे माप समजण्यास सोपे आहे. एक चौरस मीटर उघडी खिडकी तिच्यावर पडलेला सगळा ध्वनी बाहेर घालविते, म्हणून तिचे शोषण एक धरावयाचे.

आता आपली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच खोली घेऊ. तिचे आकारमान सुमारे ३२ घनमीटर आणि सर्व बाजूंचा मिळून पृष्ठभाग सुमारे ६१ चौरस मीटर. गिलावा व फरशी शंभरांतील दोन-तीन भागच ध्वनी गिळतात. तेव्हा एकूण शोषण जेमतेम १.८ भरते. रिकाम्या खोलीत नाद पावणेतीन सेकंदांच्या आसपास रेंगाळेल. गायनाच्या लहान खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या जवळपास विरावा. त्यासाठी शोषण दहाच्या वर न्यावे लागते. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा बारा जाड फलकांनी हे काम होते. म्हणजे पृष्ठभागाच्या सातव्या हिश्श्याएवढेच झाकावयाचे असते, सगळी खोली मढवावयाची नसते.

हे फलक घरी करता येतात. सुताराकडून तीन-चार इंच खोलीच्या लाकडी चौकटी करून घ्याव्यात. त्यांत दोन इंच जाडीची रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून त्याचे तंतू काढून केलेली लोकर, बसवावी. तिचे तंतू अंगाला खाजतात व श्वासाबरोबर नाकात जातात; म्हणून हातमोजे घालून व नाकातोंडाला पट्टी बांधून काम करावे, आणि लोकर चहूबाजूंनी कापडात नीट गुंडाळावी. कापड कोणते, याची परीक्षा सोपी आहे. ते तोंडाशी धरून फुंकर मारावी. वारा पलीकडे गेला तर ध्वनीही जाईल. जुने सुती लुगडे या कसोटीस सहज उतरते; रेक्झिन उतरत नाही. फलक भिंतीला चिकटवू नये. मागे दोन इंच पोकळी ठेवली तर तोच फलक अधिक खालच्या स्वरांपर्यंत काम करतो. पावसाळ्यातील ओल व वाळवी यांपासूनही ही पोकळी त्याला थोडेफार वाचविते. एवढा खर्च नको असेल त्याने जाड गोधड्या दुपदरी करून भिंतीपासून चार बोटे दूर टांगाव्यात. वरच्या व मधल्या स्वरांपुरता त्यांचा गुण चांगला येतो.

फलक कोठे लावावेत? गायकाने आपल्या जागी बसावे आणि ध्वनिग्राहक त्याच्या जागी ठेवावा. दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. ध्वनिग्राहकाच्या जागेवरून आरशात गायकाचे मुख जेथे दिसेल, तेथूनच पहिला परावर्तित स्वर येतो. पहिला फलक तेथे. दोन फलक डोक्यावरच्या स्लॅबला, गायकाच्या वर, भक्कम हुकांनी टांगावेत. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक तरी झाकावी. टाळी वाजविल्यावर जी थरथर ऐकू येते ती मग जाते. उरलेल्या भिंतीशी पुस्तकांनी भरलेले कपाट ठेवावे. लहानमोठ्या पुस्तकांची ओळ ध्वनी सर्व दिशांना विखुरते, आणि खोली मुकी होऊ देत नाही. मुक्या खोलीत गायकाला स्वतःचा आवाज परत मिळत नाही, मग तो नकळत गळ्यावर जोर देऊ लागतो. नवशिक्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जपण्यासारखी आहे.

खर्जाची गोष्ट वेगळी. काळी एक पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. तिच्या तरंगाची लांबी जवळजवळ पाच मीटर असते. इंचभर जाडीचा पदार्थ असल्या तरंगाला अडवू शकत नाही. खालचे स्वर कोपऱ्यांत साचतात, म्हणून तेथे जमिनीपासून वरपर्यंत हातभर जाडीचे लोकरीचे स्तंभ उभे करावेत. लांबी, रुंदी व उंची सारखी असलेली खोली शक्यतो निवडूच नये; तिन्ही दिशांचे गुंजन एकाच स्वरावर येऊन तो स्वर अकारण फुगतो.

इथे काही लोकप्रिय उपायांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. अंड्यांच्या कागदी तबकांनी ध्वनी फारसा शोषला जात नाही. थर्मोकोल तर जवळजवळ निरुपयोगीच. पातळ स्पंज वरचे स्वर खातो आणि खालचे तसेच ठेवतो. परिणामी आवाज गोड होण्याऐवजी गढूळ होतो. शिवाय कागद, थर्मोकोल आणि साधा स्पंज भराभर पेटतात. २००३ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात एका संगीतगृहातील भिंतींवरच्या अशाच स्पंजाला दारूकामाच्या ठिणग्यांनी आग लागली आणि शंभर माणसे दगावली. आपल्या खोलीत उदबत्ती असते, समई असते, विजेच्या तारांचे जुने सांधे असतात. दगडी लोकर जळत नाही, हा तिचा मोठाच गुण होय.

आता शेजाऱ्याकडे वळू. वर सांगितलेल्या फलकांनी त्याला जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. ध्वनी अडविते ते वजन. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल अडविते. पण त्याच भिंतीतील दाराखाली अर्ध्या इंचाची फट असेल, तर ती भिंतीच्या क्षेत्रफळाचा केवळ हजारावा भाग असूनही साऱ्या भिंतीचे मोल ३० डेसिबलवर आणते. खोलीत ८५ डेसिबलचे गाणे चालले असेल तर पलीकडे ३५ च्या ठिकाणी ५५ पोचतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत मर्यादा आहे ४५ डेसिबलची. म्हणून पहिला खर्च दारावर करावा. पोकळ दाराच्या जागी भरीव, जड दार लावावे. चौकटीला चारी बाजूंनी रबरी पट्टी आणि खाली उंबरठा घ्यावा. विजेच्या नळ्यांची भोके बुजवावीत.

आकाशवाणीचे रायपूर केंद्र १९६३ साली सुरू झाले. प्रसारणकेंद्रांच्या ध्वनिमुद्रणगृहांना सामान्यतः एकापुढे एक अशी दोन जड दारे असतात, ती याच कारणासाठी. तबल्याखाली जाड गादी घातली की त्याची थाप फरशीत कमी उतरते. पण पावलांचा आघात गादीने आवरत नाही. कथकाच्या रायगढ घराण्याचा हा प्रदेश. घुंगरांचा रियाज करणाऱ्याने तळमजलाच गाठावा हे उत्तम.

एक अडचण खास इथल्या हवेची आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि फटी बुजविलेली खोली भट्टी होते. कूलर व पंखा लावावा तर त्यांची घरघर ध्वनिमुद्रणात उतरते, आणि कूलरला खिडकीही उघडी लागते. यावर पूर्ण तोडगा नाही. खोली आधी गार करून घ्यावी, यंत्रे बंद करून वीस मिनिटे गावे, पुन्हा दार उघडावे. पहाटेची वेळ यास सर्वांत सोयीची.

कामाचा क्रम मग आपोआप ठरतो. प्रथम दाराची फट, नंतर घरातल्याच गाद्या व गोधड्या, मग फलक, आणि अखेर कोपऱ्यांतील स्तंभ. प्रत्येक पायरीनंतर एक टाळी वाजवून ऐकावे आणि शेजाऱ्याला एकदा विचारावे. पुरे झाले असे दोघांनी म्हटले, की तेथेच थांबावे.